भय्यासाहेबांचं पाणी

मदन महल, जबलपूर
७ एप्रिल २०२५

सरोजिनी,

भय्यासाहेब शुक्रवारपासून खात नाहीत. तुझा मासा माझ्या घरात मरू नये, एवढ्याच कारणासाठी हे लिहिते आहे. फोनवर आपण दोघी तीन वाक्यांच्या पुढे जात नाही आणि चौथं वाक्य दर वेळी भलतंच निघतं, म्हणून कागद. लिहून झालं की याचा फोटो काढून तुझ्या फोनवर पाठवीन. मूळ प्रत माझ्या फाइलला. तूही तसंच कर.

तू पुण्याला गेलीस आणि टँक माझ्या पुढच्या खोलीत आला, त्याला सतरा दिवस झाले. पहिले तीन दिवस मासा कोपऱ्यात तोंड घालून होता, ते मी समजू शकते. मग चांगला फिरायला लागला. गेल्या मंगळवारपासून पुन्हा बिनसलं. अंग काळं पडलं आहे. शेपटीजवळची नारिंगी चकती ओळखू येत नाही इतकी फिकट झाली. पर अंगाशी घट्ट मिटून तळाला कुशीवर पडतो आणि मध्येच उसळून काचेवर धडकतो. काल दुपारची धडक अशी होती की वरची झाकणाची काच सरकली. मी तिच्यावर वरवंटा ठेवला. दिवसातून वीस वेळा उठून पाहते. पुस्तक हातात धरलं की चौथ्या ओळीला पाण्याचा आवाज येतो आणि मी पुन्हा उभी.

पाणी स्वच्छ आहे. फॅक्टरीत तेहतीस वर्षं बॉयलरचं पाणी तपासलं, तेव्हा पाण्याचं मला सांगू नकोस. बाकीचं सांग. शशीला लहानपणापासून सगळं लिहून ठेवायची सवय होती. त्याने माशाची वही ठेवली असेल तर तिच्या पानांचे फोटो पाठव. आहे ना वही?

आल्हादला आणि ऋचाला आशीर्वाद.

शैलाताई


पुणे
८ एप्रिल

ताई, नमस्कार.

तो रुसला आहे, दुसरं काही नाही. ह्यांनी ऑफिसातल्या भय्यासाहेबांचं नाव त्याला उगाच दिलं नव्हतं. खालचा ओठ पुढे काढून बसणं दोघांचंही सारखंच. आमच्याकडे पेंटर आले होते तेव्हा महाराज चार दिवस कुशीवर पडून होते. मी घाबरले, तर हे म्हणाले, "काहून घाबरतेस? ही ऑस्कर माशांची जातच नाटकी. आपण पाहून राहिलो म्हणून पडला आहे तो." आणि खरंच, पाहणं सोडलं तर उठला. तुम्ही वीस वेळा जाता ना, तेच कमी करा.

खायला गोळ्या द्या. झिंगे आवडतात त्याला, पण तुमच्या फ्रिजमध्ये ते येणार नाहीत हे मला ठाऊक आहे. एक गंमत सांगते. हे खायला घालायचे तेव्हा खांद्यावर तो लाल चौकड्यांचा पंचा असायचा. हात धुवायचे नाहीतच, पंच्याला पुसायचे. पंचा दिसला की भय्यासाहेब काचेला तोंड लावून उभे. नुसत्या माणसाला भाव द्यायचे नाहीत. तो पंचा आता कुठे असेल ते तुम्हालाच ठाऊक.

वही वगैरे काही नाही. असती तर दिली नसती का?

इथे अकराव्या मजल्यावर मी काय करून राहिले आहे ते विचारू नका. सून म्हणून ऋचा चांगली आहे, कशाला हात लावू देत नाही. तेच जड जातं. काल जेवताना आल्हाद हसत म्हणाला, "आई, तुझं आता जबलपूरला आहे तरी काय? एक मासा." मी म्हटलं, "हो. एक मासा आहे." पण अधारतालच्या घराचे कागद येताना तो सोबत घेऊन आला आहे आणि ते आता त्याच्या टेबलावर आहेत. मी जूनमध्ये परत येते म्हणून सांगितलं आहे, ते माशाच्या नावावर. दुसरं कोणतं कारण माझ्या तोंडून निघत नाही. तेवढा तो सांभाळा.

सरोजिनी


मदन महल
१२ एप्रिल

सरोजिनी,

रुसला आहे हे निदान नाही. मी त्याच्याकडे पाहणं दोन दिवस बंद ठेवलं, काही फरक पडला नाही. आता तो तळाच्या वाळूवर अंग घासतो. डाव्या बाजूचे चार खवले निघाले. बाकी वेळ वर येऊन पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड उघडमीट करतो.

म्हणून पाणी तपासलं. पीएच ५.९! हे पाणी नव्हे, पातळ आम्ल आहे. बॉयलरला असं पाणी आलं असतं तर मी शिफ्टच्या माणसाला उभं करून विचारलं असतं. तुम्ही नवरा-बायकोनं त्या माशाला इतकी वर्षं आंबट पाण्यात ठेवलं, याचं मला आश्चर्य वाटलं, पण शशीचा एकूण कारभार पाहता फार नाही.

उपाय केला आहे. गुरुवारी भेडाघाटला जाऊन संगमरवराचे तुकडे आणले. "दीदी, मूर्ती ले लो, नंदी ले लो," म्हणून तो दुकानदार मागे लागला. त्याला म्हटलं, "मला चुरा हवा आहे." मंदिर बांधणार का, म्हणाला. पाच किलो तुकडे घासून, उकळून टँकमध्ये घातले. संगमरवर आम्ल मारतो, हे शाळेतल्या मुलालाही येतं. पाऊण टँक पाणीही बदललं. नळाचं पाणी चोवीस तास ड्रममध्ये उघडं ठेवून, क्लोरीन पूर्ण उडालेलं. आज पीएच ७.८. पलीकडच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी टँकमधून वाचता येते.

आता त्याला सवय व्हायला वेळ लागेल. पंच्याबद्दल लिहिलंस ते वाचलं.

अधारतालचं घर तुझ्या नावावर आहे. कागद कोणाच्या टेबलावर आहेत याने ते बदलत नाही. पण आल्हादला म्हणायला जागा नको. मासा जूनमध्ये जिवंत असेल. ते माझं काम.

शैलाताई


पुणे
१३ एप्रिल

ताई, नमस्कार.

संगमरवर कशाला घातला? ह्यांनी अकरा वर्षांत एक गोटासुद्धा टाकला नव्हता. मला त्यातलं कळत नाही, पण घासणं आणि वर तोंड काढणं हे रुसण्यातलं नाही. तेवढं मी चुकले. पेंटरच्या वेळी तो नुसता पडून होता.

अधारतालला मेन रोडवर आलोकचं माशांचं दुकान आहे. हे सगळं त्याच्याकडूनच घ्यायचे, टँक तुमच्याकडे आणून लावला तोही त्यानेच. थोडं पाणी बाटलीत घेऊन त्याच्याकडे जा. उद्याच जा. चिठ्ठी पाठवू नका, स्वतः जा.

काल आल्हादने विचारलं, "मासा कसा आहे?" अकरा वर्षांत त्याने हे कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, मजेत आहे.

आणि ताई, तुम्ही फिल्टरला तर हात लावला नाही ना?

सरोजिनी


मदन महल
१६ एप्रिल

सरोजिनी,

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: हो. लावला.

झालं ते क्रमाने लिहिते. सोमवारी ऊन उतरल्यावर आलोककडे गेले. त्याने बाटली उजेडात धरली. "पानी तो एकदम चकाचक है, दीदी."

मी म्हटलं, "वो तो होगा ही."

"यही तो गड़बड़ है."

त्याने एका नळीत थोडं पाणी घेतलं, त्यात कसलेसे थेंब टाकले. म्हणाला, पिवळं राहिलं तर ठीक. आम्ही दोघं काउंटरवर वाकून उभे. माझ्या डोळ्यांसमोर ते पिवळ्याचं पोपटी आणि पोपटीचं गर्द हिरवं झालं. तो अमोनिया. मग आलोकने अगदी हळू आवाजात, डॉक्टर विचारतात तसं विचारलं, "स्पंज कैसे धोया था, दीदी?"

"नल के नीचे. सफेद होने तक."

त्याने दोन्ही हात काउंटरवर ठेवले. "दीदी, वो मैल नहीं था. वही तो फिल्टर था. शशी भैया तो पुराने पानी में दो बार दबाके छोड़ देते थे."

तुला रसायनशास्त्र नको असेल, तरी वाच. मासा सतत पाण्यात अमोनिया सोडतो. स्पंजातल्या त्या तपकिरी मळात जिवाणू राहतात, ते तो खाऊन टाकतात. मी ते सगळे नळाखाली धुऊन काढले. पाणी आंबट होतं तोवर अमोनिया निपचित पडून होता, कारण आंबट पाण्यात तो जवळजवळ निरुपद्रवी असतो. हे मला एम.एस्सी.ला होतं, १९७८ साली. मासा तेव्हाच त्रासला होता. मग मी पाणी बदललं, संगमरवर घातला, पीएच वर नेला आणि पाण्यात उरलेलं निपचित विष एका दिवसात जागं केलं. बॉयलरच्या पाण्यात जिवंत काहीच नको असतं. मी साडेपाचशे लिटरचा बॉयलर चालवत होते, आत मासा ठेवून.

आणखी एक. स्पंज मी रविवारी, ३० मार्चला धुतला. मंगळवारी, १ एप्रिलला मासा काळा पडला. दोन्ही तारखा माझ्याच नोंदवहीत, माझ्याच अक्षरात, एकाखाली एक आहेत. मी त्या सलग वाचल्या नाहीत. पहिल्या पत्रात तुला फक्त दुसरी लिहिली. लपवायची म्हणून नव्हे. पहिली नोंद 'साफसफाई' या सदरात होती आणि साफसफाईने कोणाचं काही बिघडतं हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आलोकने त्याच्या दुकानातल्या मोठ्या टँकमधला जुना स्पंज काढून दिला. मळका, बुळबुळीत, वास मारणारा. प्लॅस्टिकच्या पिशवीत पाण्यासकट.

"धोना मत, दीदी."

"नहीं धोऊँगी."

"कसम?"

सत्तराव्या वर्षी मी भर दुकानात शपथ घेतली. तो स्पंज मांडीवर घेऊन अधारतालहून मदन महलपर्यंत ऑटोने आले. बेचाळीस डिग्री ऊन. ऑटोवाला आरशातून माझ्याकडे बघत होता. पिशवी थोडी गळत होती, साडीला डाग पडला. पडू दिला.

सध्याची स्थिती: खाणं बंद ठेवलं आहे. हवेचा पंप दुसरा लावला. बर्फाच्या बंद बाटल्या आळीपाळीने पाण्यावर तरंगत ठेवते. रोज थोडंच पाणी बदलायचं, असं आलोकने बजावलं आहे. दगड एकदम काढायचे नाहीत, एकेक करून. कल्ल्यांची हालचाल मिनिटाला एकशे दहा. वाचेल असं लिहिण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही.

शैलजा


पुणे
२० एप्रिल

ताई,

चार दिवस उत्तर दिलं नाही. तीन वेळा लिहिलं आणि तीन वेळा फाडलं. हे चौथं फाडणार नाही.

तुम्ही ह्यांची खोलीही अशीच धुतली होती.

दहाव्याला आम्ही ग्वारीघाटावरून परतलो तर फिनेलचा वास फाटकापर्यंत येत होता. उशी गेली होती. चपला गेल्या होत्या. चष्म्याचं घर, अर्धी राहिलेली तपकिरीची डबी, टँकजवळच्या खिळ्यावरचा पंचा, सगळं गेलं होतं. भिंतीवर त्यांच्या डोक्याच्या तेलाचा डाग होता, तोसुद्धा तुम्ही सोडा लावून काढला. मला दारात पाहून म्हणालात, "आता तुला मोकळं वाटेल." सगळे बघत होते. मी मान हलवली. ताई, मला दीड वर्षात एक दिवस मोकळं वाटलेलं नाही. त्या खोलीत मी वास घेत फिरायची आणि फिनेलच यायचं. टँक तेवढा उरला, कारण तो तुम्हाला एकटीने उचलता आला नाही. म्हणून मी त्या माशापाशी बसायची. त्याच्या पाण्यात तरी ह्यांचे हात बुडालेले होते.

आणि ते पाणीच तुम्ही बदललंत.

आता माझं. वही आहे. मी खोटं बोलले. ती टँकच्या स्टँडखाली सरकवलेली होती म्हणून तुमच्या हातातून वाचली. इथे पुण्यात माझ्या उशाशी असते. ती तुम्हाला द्यायची नव्हती. दिली असती तर तुम्ही तिला खाकी कव्हर घालून वर लेबल लावलं असतं. मासा आजारी आहे असं तुम्ही लिहिलंत त्याच दिवशी मी वही उघडायला हवी होती. मी ती उशीखाली आणखी आत ढकलली आणि 'रुसला आहे' असं लिहिलं. हे मी आल्हादलाही सांगितलेलं नाही.

न देण्याचं दुसरं कारण पान सात. तुम्हाला वाईट वाटलं असतं. आता वाटू दे. फोटो जोडला आहे. तुम्हाला अक्षर लागणार नाही, म्हणून खाली उतरवूनही देते:

"पाणी: आठवड्याला दोन बादल्या, एकदम जास्त नाही. आंबट झालंय, मला ठाऊक आहे, पण त्याची त्याला सवय आहे. सुधारायचं तर महिने घ्यायचे. घाई केली तर मरेल. स्पंज: महिन्यातून एकदा, काढलेल्या जुन्या पाण्यात दोनदा दाबायचा. नळ नाही म्हणजे नाही. शैलाताईला फिल्टर दाखवायचा नाही. ती धुऊन टाकेल. आईच्या आजारपणात चौदाव्या वर्षी तिनं एकटीनं ते घर धुतलं, दर दोन तासांनी, डॉक्टर म्हणाले तसं. आई गेली ती गेली, ताईचे हात थांबले नाहीत. तिला यावरून बोलू नये."

मी बोलले. हे असते तर मला बोलू दिलं नसतं.

जिवंत आहे का, एवढं कळवा.

सरोजिनी


मदन महल
२० एप्रिल, दुपारी चार

जिवंत आहे.

शैलजा


मदन महल
२७ एप्रिल

सरोजिनी,

काल संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी भय्यासाहेबांनी एक गोळी खाल्ली. चावून थुंकली, पुन्हा घेतली आणि गिळली. आज तीन. कशी खाल्ली ते आत्ता विचारू नकोस. आलीस की सांगेन.

आलोकच्या थेंबांनी पाणी आता पिवळंच राहतं, फार तर कडेला पोपटी झाक. संगमरवर रोज एक-दोन तुकडे करून काढला, शेवटचा आज निघाला. कल्ले मिनिटाला बहात्तर. शेपटीची चकती पुन्हा नारिंगी दिसते. मधले सहा दिवस मी काय केलं ते लिहिण्यासारखं नाही. खुर्ची टँकसमोर ओढली आणि हात मांडीखाली घेऊन बसले. टँकच्या काचेवर आतून हिरवट शेवाळ धरायला लागलं आहे. ते मी पाहते. पाहते आणि बसून राहते. भांडी दोनदा घासली, ती टँकऐवजी.

पान सात वाचलं. अक्षर मला लागतं, तो माझा भाऊ होता. लिहिलं आहे ते खरं आहे. त्याला इतकं कळत होतं आणि एकदाही तोंडावर बोलला नाही, याचा राग आला. थोडा वेळ. मग आठवलं की बोलला असता तर मी त्याची वहीसुद्धा आवरली असती.

खोलीचं. तू त्या दिवशी मान हलवलीस, ती मी 'हो' म्हणून धरली. विचारलं नाही. मला घरात मरण झालं की एवढंच करता येतं: बादली भरायची. ते तुझ्यासाठी करते आहे असं मला वाटत होतं. तुझं दीड वर्ष मी फिनेलमध्ये घालवलं. माफी कशी लिहितात ते मला येत नाही, शिकायची वेळ कधी येऊ दिली नाही. हीच ती माफी समज.

आल्हादला फोन केला. दोन मिनिटं.

तो म्हणाला, "आत्या, आई तिकडे एकटी राहणार. तुम्हीच सांगा तिला."

मी म्हटलं, "एकटी कशाने? सहा किलोमीटरवर मी आहे. घरात तेरा इंचांचा एक सभासद आहे."

"आत्या, मासे काही कायमचे नसतात."

"नसतात. म्हणून घर माशाच्या नावावर केलेलं नाही, तुझ्या आईच्या नावावर आहे. कागद तिच्या पेटीत ठेव. आणि तिला स्वयंपाकघरात हात लावू द्या, नाहीतर ती आजारी पडेल. मोठे जीव नवीन जागी रिकामे ठेवले की काचेवर धडका देतात, हे मी नुकतंच पाहिलं आहे."

तो हसला. अच्छा, चलो, ठेवतो म्हणाला. कागदांचं काय केलं ते तू बघ.

येताना वही घेऊन ये. नाही आणलीस तरी मी समजेन.

शैलाताई


पुणे
३० एप्रिल

ताई, नमस्कार.

कागद माझ्या पेटीत आहेत. आल्हादने स्वतः ठेवले, वर म्हणाला, "आत्या अजून तशीच आहे." मी म्हटलं, "नाही रे, बदलून राहिली आहे. काचेवर शेवाळ येऊ देते." आज पोळ्या मी केल्या. ऋचाने चार खाल्ल्या, एरवी दोन खाते.

तिकीट एकतीस मेचं काढलं आहे. टँक आधी अधारतालच्या घरी न्यायला आलोकला सांगा, पण मी पोचल्यावर भरा. पाणी तेच न्या, ड्रममध्ये. मार्चमध्ये टँकसोबत ते आणलं तेव्हा तुम्ही नाक मुरडलं होतं, आठवतं ना?

आणि कशी खाल्ली त्याने गोळी? तीन दिवस तोच विचार करते आहे. तो काही नुसत्या माणसाच्या हातचं खात नाही.

सरोजिनी


हस्तांतरणाची नोंद

अधारताल, जबलपूर
१ जून २०२५, सकाळी अकरा

देणार: शैलजा तारे. घेणार: सरोजिनी तारे.

१. मासा, ऑस्कर, जिवंत. लांबी तेरा इंच. डाव्या बाजूचे चार खवले गेले होते, दोन नवे आले. कल्ल्यांची हालचाल आज मिनिटाला अठ्ठावन्न. टँकची जागा बदलल्यामुळे कुशीवर पडला आहे. हा रुसवा आहे. दोघींनी मिळून तपासलं.

२. टँक, स्टँडसह. जुनं पाणी, सहा ड्रम. पीएच ६.८, महिनाभरात हळूहळू आणलेला. काचेवर शेवाळ आहे, ते तसंच दिलं.

३. स्पंज, दोन. एक मूळचा, एक आलोकच्या दुकानातला. दोन्ही मळके.

४. संगमरवराचे तुकडे, पाच किलो. अंगणात कण्हेरीच्या बुडाशी ओतले. पुन्हा टँकमध्ये जाणार नाहीत.

५. माझी नोंदवही, २१ मार्च ते ३१ मे. ३० मार्च आणि १ एप्रिल या तारखा लाल शाईने एकमेकींना जोडल्या आहेत.

६. पंचा, लाल चौकड्यांचा, एक. नोव्हेंबर २०२३ मध्ये टँकजवळच्या खिळ्यावरून मी काढला. टाकला नव्हता. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माझ्या कपाटात, साड्यांच्या मागे होता. का ठेवला ते लिहिण्याचं सदर या नोंदीत नाही. २६ एप्रिलपासून रोज संध्याकाळी पाच वाजता खांद्यावर घेऊन वापरला. धुतलेला नाही.

शैलजा तारे

वरचं सगळं मिळालं. क्रमांक सहा मी पिशवी उघडून पाहिला. धुतलेला नाही, हे खरं आहे. टँकजवळच्या जुन्या खिळ्यावर लावला.

माझ्याकडून ताईंकडे: ह्यांची माशाची वही, एक, पान सात धरून पूर्ण. वाचून परत करायची. कव्हर घालायचं नाही.

सरोजिनी तारे